नऊ न्यायमूर्ति आणि अध्यक्ष रूझवेल्ट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राज्यघटना १७८७ सालीं तयार झाली. देशांत एक सर्वोच्च न्यायालय असावें, त्यांतील न्यायाधीशांनीं सद्वर्तन असेपर्यंत अधिकारावर राहावें आणि ते अधिकारावर असतांना त्यांचें वेतन कमी केलें जाऊं नये, इतक्या गोष्टी त्या घटनेंत स्पष्ट लिहिलेल्या आहेत. न्यायाधीश किती असावेत, हें मात्र तींत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. घटनाकारांनीं तो प्रश्न काँग्रेसवर, म्हणजे त्या देशाच्या कायदेमंडळावर, सोडून दिला. वरवर पाहतां ही बाब किरकोळ वाटते. न्यायासनावर खुर्च्या किती मांडाव्या हा सोयीचा प्रश्न आहे, त्यांत तत्त्व कसलें, असें कोणीहि म्हणेल. परंतु १९३७ सालीं नेमक्या याच रिकाम्या जागेवरून अमेरिकेंत असा झगडा माजला कीं, तेथील न्यायालयाचें स्वातंत्र्य कशाच्या आधारावर उभें आहे, याची पुरी परीक्षा झाली.

हा झगडा समजण्यासाठीं त्या न्यायालयाचा अधिकार काय आहे हें प्रथम पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत पार्लमेंट सर्वश्रेष्ठ आहे. तिनें केलेला कायदा शहाणपणाचा असो वा वेडेपणाचा असो, तो रद्द ठरविण्याची सत्ता तेथील न्यायाधीशाला नाहीं. अमेरिकेंत काँग्रेस आणि अध्यक्ष हे दोघेहि लिखित घटनेनें बांधलेले आहेत, आणि एखादा कायदा घटनेशीं विसंगत आहे असें न्यायालयाला आढळल्यास तें तो कायदा निरर्थक ठरवूं शकतें. मौज अशी कीं, हा अधिकारहि घटनेंत स्पष्ट शब्दांनीं दिलेला नाहीं. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनीं १८०३ सालीं मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यांत, लिखित घटनेच्या स्वरूपावरूनच तो निष्पन्न होतो असा निर्णय दिला, आणि पुढें तो हळूहळू रूढ झाला. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनीं १७८८ सालींच असें प्रतिपादन केलें होतें कीं, तिन्ही सत्तांमध्यें न्यायसत्ता सर्वांत दुबळी. तिच्या हातीं तलवार नाहीं आणि तिजोरीहि नाहीं. अशी ही निःशस्त्र सत्ता लोकांनीं निवडून दिलेल्या दोन सत्तांना अडवूं लागली, तेव्हां भांडण होणें क्रमप्राप्तच होतें.

तें आरंभापासूनच झालें. १८०१ सालीं निवडणूक हरलेल्या फेडरलिस्ट पक्षानें जातां जातां न्यायाधीशांच्या नव्या जागा निर्माण करून तेथें आपलीं माणसें बसविलीं. जेफर्सन यांच्या पक्षानें १८०२ सालीं तो कायदाच रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या बैठकींच्या तारखा अशा बदलल्या कीं, १८०३ च्या फेब्रुवारीपर्यंत तें न्यायालय भरूंच शकलें नाहीं. पुढें १८०४ सालीं न्यायमूर्ति सॅम्युअल चेस यांच्यावर प्रतिनिधिगृहानें महाभियोग आणला. चेस हे तापट होते आणि न्यायासनावरून पक्षीय भाषणें करण्याची त्यांना खोड होती, यांत शंका नाहीं. सेनेटमध्यें जेफर्सन यांच्या पक्षाचें भक्कम बहुमत होतें. तरीहि १ मार्च १८०५ रोजीं मतें मोजलीं गेलीं तेव्हां, दोषी ठरविण्यास लागणारीं दोन तृतीयांश मतें एकाहि आरोपावर पडलेलीं नव्हतीं. न्यायाधीशाचीं मतें पसंत नाहींत एवढ्याच कारणासाठीं त्याला महाभियोगानें घालवावयाचें नाहीं, असा संकेत तेव्हांपासून पडला.

काढून टाकण्याचा मार्ग असा बंद झाल्यावर संख्येचा मार्ग उरला. १७८९ सालीं सहा न्यायाधीश होते. १८०७ सालीं सात, १८३७ सालीं नऊ आणि १८६३ सालीं दहा झाले. देश पश्चिमेकडे पसरत होता व नवीं न्यायमंडळें करावीं लागत होतीं, हें या वाढीचें एक प्रामाणिक कारण होतें. परंतु १८६६ सालीं काँग्रेसचें अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याशीं वांकडें आलेलें असतां, जागा रिकाम्या होतील तसतशी संख्या सातांवर आणावी असा कायदा झाला, आणि जॉन्सन यांना एकाहि न्यायमूर्तीची नेमणूक करतां आली नाहीं. ते पायउतार झाल्यावर १८६९ सालीं पुन्हां नऊ हा आंकडा ठरला. पुढें अडुसष्ट वर्षें त्याला कोणी हात लावला नाहीं; आणि बहुतेक अमेरिकन लोक तो आंकडा घटनेंतच आहे असें समजूं लागले असल्यास नवल नाहीं.

१९२९ सालीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि त्या संपन्न देशावर मंदीची अवकळा पसरली. हजारों बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, काम करूं शकणाऱ्या दर चार माणसांमागें सुमारें एक माणूस बेकार झाला. मार्च १९३३ मध्यें फ्रँक्लिन रूझवेल्ट अध्यक्षपदावर आले. त्यांनीं ‘न्यू डील’ या नांवाखालीं कायद्यांचा सपाटाच लावला. धंद्याधंद्यांतील वेतन व कामाचे तास ठरविण्याचा कायदा, शेतमालाला भाव यावा म्हणून लागवड आटोक्यांत ठेवण्याचा कायदा, कामगारांना आपले संघ स्थापण्याचा हक्क देणारा कायदा, वृद्धांच्या निर्वाहाचा कायदा, असे एकामागून एक कायदे झाले, आणि एकामागून एक ते नऊ न्यायमूर्तींच्या पुढें येऊं लागले.

त्या नवांपैकीं व्हॅन डेव्हँटर, मॅकरेनॉल्ड्स, सदरलंड आणि बटलर हे चौघे जुन्या मताचे होते. मालक आणि मजूर यांनीं आपसांत कोणता करार करावा यांत सरकारनें हात घालूं नये, तें स्वातंत्र्य घटनेनेंच दोघांनाहि दिलें आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. ब्रँडाइस, स्टोन आणि कार्डोझो या तिघांचा कल कायदेमंडळाला मोकळीक देण्याकडे असे. सरन्यायाधीश चार्ल्स एव्हन्स ह्यूज आणि न्यायमूर्ति ओवेन रॉबर्ट्स हे मध्यें. आणि ते ज्या बाजूला झुकतील तिकडे निकाल जाई. २७ मे १९३५ या दिवशीं सरकारविरुद्ध एकदम तीन निकाल लागले. ब्रूकलिन येथील कोंबड्यांचे व्यापारी शेक्टर बंधु यांच्या खटल्यांत उद्योगधंद्यांचा कायदाच उडाला. हे तिन्ही निकाल एकमताचे होते, हें येथें विसरूं नये. कारण पुढें सरकारपक्षानें असें चित्र रंगविलें कीं, कांहीं हटवादी म्हातारे तेवढे आडवे येत आहेत. जानेवारी १९३६ मध्यें शेतीचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनीं रद्द झाला. त्यानंतर जूनमध्यें न्यूयॉर्क संस्थानाचा स्त्री-कामगारांना किमान वेतन देवविणारा कायदा पांच विरुद्ध चार मतांनीं गेला, आणि विचारी लोकहि चमकले. मध्यवर्ती सरकारला हें करतां येत नाहीं आणि संस्थानांनाहि करतां येत नाहीं, तर मग किमान वेतन तरी मिळावें म्हणून धोबीखान्यांत राबणाऱ्या बाईनें कोणाकडे पाहावें?

नोव्हेंबर १९३६ च्या निवडणुकींत रूझवेल्ट यांना अठ्ठेचाळीसपैकीं शेहेचाळीस संस्थानांनीं कौल दिला. मेन आणि व्हरमाँट हीं दोनच लहान संस्थानें विरुद्ध गेलीं. काँग्रेसच्या दोनहि गृहांत त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाजवळ सुमारें तीन चतुर्थांश जागा आल्या. प्रचारांत मात्र त्यांनीं न्यायालयाविषयीं बहुतेक मौनच पाळलें होतें. त्यांची एक अडचण खरी होती. पहिल्या चार वर्षांत सर्वोच्च न्यायालयांतील एकहि जागा रिकामी झाली नव्हती. याला काँग्रेसची काटकसरहि थोडी कारण झाली असें म्हणतात. न्यायमूर्ति होम्स १९३२ सालीं निवृत्त झाल्यावर त्यांचें निवृत्तिवेतन निम्म्यावर आणण्यांत आलें होतें. तें पाहून मागें राहिलेले वृद्ध न्यायमूर्ति खुर्ची सोडावयास बिचकले असल्यास त्यांना दोष कसा द्यावा? घटनेंत दुरुस्ती करणें हा राजमार्ग होता. परंतु तिला दोनहि गृहांत दोन तृतीयांश मतें आणि शिवाय तीन चतुर्थांश संस्थानांची संमति लागते. बालमजुरीविषयींची दुरुस्ती काँग्रेसनें १९२४ सालीं मंजूर केलेली असूनहि ती संस्थानांकडे तशीच रखडलेली होती. इतकी वाट पाहण्याची रूझवेल्ट यांची तयारी नव्हती.

५ फेब्रुवारी १९३७ रोजीं त्यांनीं आपली योजना काँग्रेसपुढें ठेवली. योजना अशी: ज्या न्यायाधीशानें दहा वर्षें काम केलें आहे व ज्याचें वय सत्तर उलटलें आहे, त्यानें सहा महिन्यांत निवृत्ति न पत्करल्यास अध्यक्षांनीं त्याच्या जोडीला एक नवा न्यायाधीश नेमावा. सर्वोच्च न्यायालयांत अशा ज्यादा नेमणुका जास्तींत जास्त सहा व्हाव्यात. त्या वेळीं नवांपैकीं बरोबर सहा जण सत्तरीपलीकडचे होते. श्रोत्यांना हिशेब करण्यास अडचण पडूं नये. सहा नव्या माणसांच्या भरतीनें पाचाचें बहुमत कोठल्या कोठें वाहून गेलें असतें. स्वपक्षाच्या पुढाऱ्यांनाहि ही योजना त्याच दिवशीं सकाळीं कळविण्यांत आली. आधीं कोणाशीं सल्लामसलत नाहीं.

आणि कारण काय दिलें? न्यायालयें कामाच्या ओझ्याखालीं दबलीं आहेत, वृद्ध माणसांच्यानें तें काम उरकत नाहीं! रूझवेल्ट यांची सर्वांत मोठी चूक येथें झाली. खरें कारण लहान मुलालाहि दिसत होतें. शिवाय सर्वांत वयोवृद्ध न्यायमूर्ति म्हणजे ऐंशी वर्षांचे ब्रँडाइस, आणि ते तर उदारमतवाद्यांचे अग्रणी. विधेयक तयार करणाऱ्या ॲटर्नी जनरल कमिंग्ज यांना मात्र एक मजेदार आधार सांपडला होता. सत्तरी उलटलेल्या न्यायाधीशाच्या जोडीला तरुण न्यायाधीश द्यावा, ही कल्पना खालच्या न्यायालयांपुरती १९१३ सालीं दुसऱ्या एका ॲटर्नी जनरलनें सुचविली होती, आणि तो गृहस्थ म्हणजे न्यू डीलचे कट्टर वैरी न्यायमूर्ति मॅकरेनॉल्ड्स हेच! ९ मार्चला रूझवेल्ट यांनीं नभोवाणीवरून राष्ट्राशीं बोलतांना पहिलें कारण बाजूला सारून खरें कारण पुढें केलें. राज्यकारभार हें तीन घोड्यांचें औत आहे. दोन घोडे एका दिशेनें ओढीत असतां तिसरा ओढीत नाहीं, असा त्या भाषणाचा आशय होता. दृष्टांत सोपा व पटणारा होता. पण तिसरा घोडा ओढण्यासाठीं जोडलेलाच नाहीं, हें त्यांत दडपलें गेलें.

आतां आश्चर्याची गोष्ट. या योजनेला खरा विरोध अध्यक्षांच्याच पक्षांतून झाला. मुठभर रिपब्लिकन सेनेटरांनीं शहाणपणानें तोंड मिटून घेतलें. पुढाकार घेतला तो माँटाना संस्थानचे डेमोक्रॅट सेनेटर बर्टन व्हीलर यांनीं. व्हीलर हे भांडवलवाल्यांचे कैवारी नव्हते. न्यायालयाच्या निकालांवर त्यांचाहि राग होता आणि रूझवेल्ट यांचे ते जुने पुरस्कर्ते होते. त्यांचा आक्षेप साधनाविषयीं होता. आज एका लोकप्रिय अध्यक्षानें सहा खुर्च्या वाढविल्या तर उद्यां दुसरा आणखी सहा वाढवील, आणि मग न्यायालयानें अल्पसंख्याकाला दिलेल्या संरक्षणाची किंमत काय राहील? हा प्रश्न काल्पनिक नव्हता. अलाबामा संस्थानांतील स्कॉट्सबरो येथें कांहीं निग्रो तरुणांना वकिलाचें धड साह्यहि न देतां देहान्ताच्या शिक्षा ठोठावण्यांत आल्या होत्या. १९३२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या रद्द केल्या, आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ति सदरलंड हे त्या जुन्या मताच्या चौघांपैकींच एक होते. अलाबामांत त्या दिवशीं मतें घेतलीं असतीं तर त्या तरुणांना किती मतें पडलीं असतीं, हें सांगावयास नको. जें स्वातंत्र्य मजुरीच्या कायद्याला आडवें आलें, त्याच स्वातंत्र्यानें फांसाचा दोर अडविला होता.

२२ मार्चला सेनेटच्या न्यायविषयक समितीपुढें व्हीलर यांनीं सरन्यायाधीश ह्यूज यांचें एक पत्र वाचून दाखविलें. त्यांत राजकारणाचा शब्दहि नव्हता. न्यायालयाचें काम तुंबलेलें नाहीं, हें आंकड्यांनिशीं दाखवून, न्यायाधीश वाढले म्हणजे ऐकून घेणारे, चर्चा करणारे आणि मन वळवावें लागणारे लोकहि वाढतात, त्यामुळें कामाला उलट विलंबच होईल, एवढेंच शांतपणें म्हटलें होतें. त्या पत्रानें सरकारच्या पहिल्या युक्तिवादाचा पायाच काढून घेतला.

त्यानंतर आठवड्यानें, २९ मार्चला, न्यायालयाचा एक निकाल आला. वॉशिंग्टन संस्थानांतील वेनाची या गांवीं एल्सी पॅरिश नांवाची बाई एका हॉटेलांत खोल्यांची झाडलोट करीत असे. त्या संस्थानच्या कायद्याप्रमाणें अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याला तिला साडेचौदा डॉलर मिळावयास हवे होते. ते पुरे मिळाले नाहींत म्हणून राहिलेल्या सुमारें २१६ डॉलरांसाठीं तिनें दावा लावला होता. आदल्याच वर्षीं न्यूयॉर्कचा तसलाच कायदा रद्द करणाऱ्या न्यायालयानें आतां पांच विरुद्ध चार मतांनीं वॉशिंग्टनचा कायदा वैध ठरविला. रॉबर्ट्स यांचें मत या बाजूला आलें होतें. १२ एप्रिलला कामगार संघांचा कायदा, आणि २४ मे रोजीं वृद्धांच्या निर्वाहाचा कायदाहि टिकला. वेळीं घातलेला एक टांका नऊ टांके वांचवितो अशा अर्थाची इंग्रजींत म्हण आहे. तिच्यावर कोटी करून, वेळीं फिरलेल्या एका मतानें नऊ जण वांचविले, असें विनोदी लोक म्हणूं लागले.

न्यायालय धमकीला भ्यालें काय? ही समजूत सर्वत्र पसरली, पण तारखा तिला पुरती साथ देत नाहींत. पॅरिश खटल्यांतील न्यायमूर्तींचें खाजगी मतदान १९ डिसेंबर १९३६ रोजीं झालें होतें, आणि रॉबर्ट्स यांनीं तेव्हांच कायद्याच्या बाजूनें मत दिलें होतें. अध्यक्षांची योजना त्या वेळीं गुप्त होती. तेव्हां योजनेनें तें मत फिरविलें हें म्हणणें चालत नाहीं. नोव्हेंबरच्या निवडणुकीचा आवाज मात्र न्यायालयाच्या नव्या संगमरवरी इमारतींत पोहोंचला नसेल असें छातीठोकपणें सांगणें कठीण आहे. रॉबर्ट्स यांनीं आपले खाजगी कागद जाळून टाकले. त्यामुळें अमेरिकन इतिहासकारांचा यावरील वाद संपण्याचें लक्षण नाहीं.

पुढचा भाग झपाट्यानें घडला. सत्तरीनंतर पूर्ण वेतनावर निवृत्त होण्याची मुभा देणारा कायदा मार्चमध्येंच झाला होता. १८ मे रोजीं व्हॅन डेव्हँटर यांनीं निवृत्ति जाहीर केली, आणि त्याच दिवशीं समितीनें दहा विरुद्ध आठ मतांनीं विधेयक अमान्य केलें. त्या दहांत सात डेमोक्रॅट होते. जूनमध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालाची भाषा इतकी कडक होती कीं, असला प्रयत्न पुन्हां कोणीं करूं नये अशा रीतीनें तो फेटाळला जावा, असें स्वपक्षीयांनींच त्यांत बजावलें. सेनेटमधील पक्षनेते जोसेफ रॉबिन्सन यांनीं सौम्य केलेलें विधेयक तरी तारून नेण्याचा यत्न केला. त्यांना स्वतःला न्यायमूर्तीची जागा मिळावयाची होती असें सर्वांस ठाऊक होतें. वॉशिंग्टनच्या जुलैमधील उकाड्यांत ते दिवस दिवस झगडत होते. १४ जुलैला हृदयविकारानें त्यांचा अंत झाला आणि त्यांच्याबरोबर विधेयकाची आशाहि गेली. २२ जुलैला सेनेटनें सत्तर विरुद्ध वीस मतांनीं तें समितीकडे परत धाडलें, म्हणजेच पुरलें.

रूझवेल्ट लढाई हरले, तरी त्यांना हवे असलेले न्यायमूर्ति त्यांना लाभले. निवृत्ति आणि मृत्यु यांच्या ओघानें १९४३ पर्यंत त्यांनीं आठ नवे न्यायमूर्ति नेमले व स्टोन यांना सरन्यायाधीश केलें. त्या आठांपैकीं फेलिक्स फ्रँकफर्टर यांचा हिंदुस्थानाशींहि संबंध आला. आपल्या घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ सालीं अमेरिकेस गेले असतां फ्रँकफर्टर यांनीं त्यांना, ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द घटनेंत घालूं नका, असा सल्ला दिला. कारण त्याच शब्दांच्या आधारें अमेरिकन न्यायालयानें वेतनाचे कायदे मोडले होते. डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीनें ते शब्द बदलले. भारतीय घटनेंत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पासष्ट वर्षांची मर्यादा घातलेली आहे. संख्या मात्र येथेंहि संसदेच्या कायद्यावर सोपविलेली आहे.

ज्यांना आपले म्हणून बसविलें ते पुढें आपलेच राहतात असेंहि नाहीं. व्हॅन डेव्हँटर यांच्या जागीं नेमलेले ह्यूगो ब्लॅक हे सेनेटमध्यें रूझवेल्ट यांच्या योजनेचे खंदे पाठिराखे होते. १९५२ सालीं कोरियाच्या युद्धाच्या काळांत अध्यक्ष ट्रूमन यांनीं पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यांत घेतले, तेव्हां न्यायालयांतील नऊहि जण रूझवेल्ट किंवा ट्रूमन यांनींच नेमलेले होते. तरी सहा विरुद्ध तीन मतांनीं ती जप्ती बेकायदा ठरली, आणि निकाल लिहिला तो ब्लॅक यांनीं. डेमोक्रॅट अध्यक्षांनीं निमूटपणें कारखाने परत केले.

भांडण मात्र मिटलें नाहीं. १९५४ सालीं शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरल्यावर दक्षिणेंत सरन्यायाधीश वॉरन यांच्यावर महाभियोग आणण्याचे फलक रस्त्यांवर लागले. २०१६ सालीं न्यायमूर्ति स्कालिया यांच्या मृत्यूनें रिकाम्या झालेल्या जागेसाठीं अध्यक्ष ओबामा यांनीं सुचविलेल्या नांवाचा विचारच करण्यास रिपब्लिकन बहुमताच्या सेनेटनें नकार दिला. त्याच पक्षानें २०२० सालीं निवडणूक अवघ्या आठ दिवसांवर आली असतां न्यायमूर्ति बॅरेट यांची नेमणूक मंजूर केली. त्यामुळें चिडलेल्या कांहीं डेमोक्रॅट सभासदांनीं एप्रिल २०२१ मध्यें न्यायमूर्तींची संख्या तेरा करण्याचें विधेयक मांडलें. तें पुढें सरकलें नाहीं. अध्यक्ष बायडन यांनीं नेमलेल्या आयोगानेंहि त्या डिसेंबरांत अहवाल दिला, पण संख्या वाढवावी कीं वाढवूं नये, यावर त्यानें कोणताच कौल दिला नाहीं. त्या अहवालांत १९३७ च्या प्रकरणाचा इतिहास मात्र सविस्तर आला आहे.